ढील

रविवारी संध्याकाळी कन्नडच्या नाक्यावर,
चहाच्या टपरीमागं, टायरांच्या थप्पीवर बसून
मुनीर घारकडा चढतो.
एका हातात कप असतो, तरी दोन्ही हातांनी चढतो.
नवी पोरं माना वर करतात.
जिथं टपरीचा नुसता पत्रा आहे
तिथं त्यांना कातळ दिसतो.

यंदा कडा दोनशे दहा फुटांचा झालाय.
माझ्या थोरल्याच्या बारशाला एकशे वीस होता.
लेकरासंगं वाढत गेला,
मी काही बोलले नाही.

दोर माझ्या हातात होता.
शहागंजातून वजनावर आणलेला, एकशे साठ फूट,
बरोबर मध्यावर लाल टेप.
मुनीर वर पोचून ओरडला तेव्हा
टेप माझ्या पायाशी वेटोळ्यातच होती,
तिच्यावरून एक मुंगळा चालला होता.

मला तर कडा दिसलाच नाही त्या दिवशी.
डोक्यावर कातळाचं पोट पुढं आलेलं,
कमरेला दोराचा वेढा,
पाठ अंजनाच्या बुंध्याला बांधलेली,
कारण मी पंचेचाळीस किलो आणि मुनीर बहात्तर.
तो जे चढला ते मी हातानं ऐकलं:
वीतभर गेला. थांबला.
पुन्हा वीतभर.
मग बराच वेळ काहीच नाही
(तिथं तो हल्ली एक शेर म्हणतो, पोरं वाहवा करतात).
मग दोर बारीक थरथरला,
तापातल्या लेकराची नाडी बोटाला लागावी तसा.
"ढील दे, पमा" असं काही तो म्हणाला नाही.
"पमा" एवढंच म्हणाला.

आणि सुटला.

गोष्टीत या जागी पाय जरासा सरकतो,
मुनीर हसतो, एका हातावर लोंबकळतो,
दरीतनं घार वर येते
आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन जाते.
घार खरी आहे. मीही पाहिली,
पण फार लांब, गौताळ्याच्या अंगाला,
तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

माझ्याकडं आहे ते एवढंच:
दोर दोन हात पळाला,
तळव्यातून भाकरी करपल्याचा वास आला,
पाठ झाडावर आदळली,
वरची मेख टिकली आणि मी धरलं.
किती वेळ धरलं?
त्याला विचाराल तर ही वेळ झालीच नाही.
वर कुणीतरी अम्मीला हाक मारत होतं.
मग नाक ओढल्याचा आवाज,
मग पुन्हा वीतभर.

मागच्या घळीनं उतरून आला तेव्हा
त्यानं माझ्या हातावर बाटली ओतली, पार रिकामी होईस्तोवर.
परतीच्या सात मैलांना आमच्याकडं तेवढंच पाणी होतं.
हेही गोष्टीत नाही.
म्हणून मी गप बसते, वाढू देते कडा.
ढील द्यायची सवयच आहे मला.

आज पिशोरची पायल सुरडकर माझ्याशेजारी बसली.
या बॅचला चढणारे पाच अन् दोर धरणारी ही एकटी.
मुनीर एकशे ऐंशीवर पोचला होता,
तिनं माझा तळवा उलटा केला.
"मावशी, हे काय?"
काही नाही गं, मी म्हणलं, दोर पळाला होता.
"किती?"

पत्र्यापाशी मुनीर थांबला.
कप तसाच हवेत.
माझ्याकडं बघेना.

"सहा हात," मी म्हणलं. "सात असंल."

मुनीरनं एक घोट घेतला
आणि राहिलेले तीस फूट
शेर-बिर न म्हणता
गुमान चढून गेला.