आरिया

अब्दुल गनी परकार, वय एकाहत्तर,
राहणार माझगाव.
तक्रार : झोपेत हात चालवतात.
तक्रार बायकोची. त्यांची स्वतःची काहीच नाही.

परळच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
मी लोकांची झोप मोजते.
डोक्याला वायरी, पापण्यांच्या कडेला दोन,
हनुवटीला, पोटरीला,
आणि ती पांढरी पेस्ट
जी घरी जाऊन दोनदा न्हायलं तरी निघत नाही.
मग दिवा घालवून काचेच्या अलीकडे
रेघा बघत बसायचं.

पहिल्या तासात माणूस विहिरीसारखा असतो.
नंतर मिटल्या पापण्यांखाली डोळे पळू लागतात
आणि बाकीचं अंग मेल्यागत पडून राहतं.
तसंच राहायला हवं.
मेंदूच्या बुडाशी एक कडी असते,
स्वप्न सुरू झालं की ती लागते,
म्हणून आपण जीव घेऊन पळतो आणि गादीवरच असतो.
परकारांची कडी सैल झालीय.
एवढंच, डॉक्टर म्हणाले. अर्थबिर्थ काही नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी
त्यांचा उजवा हात उठला,
हवेतला एक दांडा त्यानं धरला,
पुढे ढकलला, किंचित मागे घेतला,
इतका अलगद
की काचेपलीकडे मीही श्वास धरला.
आरिया… आरिया… जरासं आरिया…
आणि एकदम ओरडले, हबेस!

सकाळी त्यांची बायको
थर्मासातला चहा ओतता ओतता सांगत होती :
अडतीस वर्षं गोदीत क्रेनवर होते.
हबेस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड.
आता रात्री माझ्या दंडाचा दांडा करतात.
मध्ये उशी ठेवते, तर उशी उचलतात.
हसली,
आणि हसता हसता ओढणी कोपरापर्यंत ओढून घेतली.

चाचा, काय दिसलं रात्री?
काही नाही, म्हणाले.
पेस्ट पुसून होईस्तोवर गप्प.
मग आपणच :
माल लटकलेला असतो.
खालून कुणी सांगत नाही कुठे ठेवू.
नोकरीत असं कधी झालं नाही हां,
एक पेटी पडली नाही माझ्या हातून.
तुमच्या त्या पडद्यावर दिसलं का,
आकड्याला काय होतं?

नाही, म्हटलं.
पडद्याला दोर किती ताणला तेवढंच कळतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, आई म्हणायची,
तरी दात पडलेला दिसला की साताऱ्याला फोन लावायची,
साप दिसला की सोमवार धरायची,
आणि अर्थ सांगण्याआधी विचारायची,
किती वाजता पडलं?
पहाटेचं असलं तर तिचा चेहरा बदले.
मी आता कुणाच्याही स्वप्नाची वेळ
सेकंदासकट सांगू शकते, आई.
तेवढीच सांगू शकते.

आमचे भणगे सर म्हणतात, मेंदू रद्दीवाला आहे.
रात्री दिवस तोलतो, ठेवायचं ते ठेवतो,
बाकीचं फाडून टाकतो,
त्या फाटण्याच्या आवाजाला आपण स्वप्न म्हणतो.
पटतं मला. रात्रपाळीत तर फारच पटतं.
पण अडतीस वर्षांत जे पडलंच नाही
ते कुठल्या दिवसाच्या रद्दीतलं?

अहवालात लिहिलं : उजव्या हाताची हालचाल,
चार मिनिटं, बोलणे, एकदा ओरडणे.
आकड्याला काय होतं, याला रकाना नाही.

अँटॉप हिलला पोचून पडदे ओढून झोपले.
दुपारी खाली भंगारवाला ओरडला
आणि त्याची हाक जिना चढून माझ्या झोपेत आली,
तर माळ्यावर आई,
पितळेचं घंगाळ दोन्ही हातांनी कडेला आणलेलं,
धर गं, म्हणाली, सोडते.
जड होतं. येतच राहिलं.

जाग आली तेव्हा माझे दोन्ही हात वर होते.
माझी कडी तर घट्ट आहे.

भंगारवाला पुढच्या गल्लीत गेला होता.