तिसरं फूल

फाल्गुन लागला की मानवतला आमच्या गल्लीत
आधी माश्या यायच्या, मग साखरेची पोती.
अण्णा उकळत्या पाकात दुधाची धार सोडत,
मळी वर आली की झाऱ्यानं काढत,
आणि मी रातभर भिजवलेल्या सागवानी साच्यांत
दोरा ताणून बसवायची.
दोरा ढिला राहिला तर गाठी गळ्यात नाही, मातीत.
एवढंच शिकवलं त्यांनी. बाकी नुसतं ओरडणं.

एका साली टँकर नऊ दिवस आलाच नाही.
साचे कोरडेच भरले.
पाक लाकडाला असा धरून बसला
की अण्णांनी सुरी घातली,
तिसऱ्या फुलाची एक पाकळी
टचकन उडाली.
"ऱ्हाऊ दे. पोरं काय फुलं मोजून खातेत?"

पुढं तो साचा लिंबाजीमामानं नेला
का विकला, कुणी सांगत नाही.

काल नांदेडात, वजिराबादेत, हातगाडीवर
पाडव्याच्या गाठ्या टांगलेल्या.
एक हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली.
पहिलं फूल. दुसरं.

"ती फुटकी हाय ताई, दुसरी देतो,"
पोरगं म्हणालं, आणि शोधू लागलं,
शोधता शोधता खजील झालं:
"सगळ्याच तसल्या हायेत की."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.