उजवीकडे, किंचित

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर आलो
तेव्हा थेंबांनी आईच्या बाहुल्या पार पसरल्या होत्या
आणि दुपारचे साडेबारा तिला
नुसते पांढरे दिसत होते.
तिला मागच्या सीटवर बसवलं.
ती चाचपत पुढे येऊन बसली.
किल्ली घातली. किल्ली फिरेना.

स्टिअरिंग धरलं तर तेही गच्च,
सिमेंटात रोवल्यासारखं.
मी जोर लावला, मग आणखी जोर लावला,
मग जोराबरोबर दोन शब्दही लावले
जे आईसमोर एरवी लावत नाही.
गल्लीच्या तोंडाशी टोइंगवाल्यांचा भोंगा
कुणाच्या तरी स्कूटरचा नंबर वाचत होता.

"किल्ली दे," आई म्हणाली.
"आई, तुला दिसत नाहीये."
"दिसायचं काय त्यात?"

अंगठ्याच्या पेरानं तिनं किल्लीचे दात तपासले,
तांदूळ निवडताना खडा लागावा तशी
एका जागी थांबली.
"तिसरा झिजलाय. वर आत धूळ.
पेन्सिल आहे का? तेल नको, तेल मळ धरून ठेवतं."
ग्लव्ह बॉक्समध्ये निहारची पेन्सिल निघाली,
मागून चावलेली, टोक शाबूत.
शिसं तिनं किल्लीच्या दोन्ही अंगांना लावलं,
काजळ घालावं तसं,
खाचाखाचांतून,
बोटं काळी होईपर्यंत.

वागळे इस्टेटमध्ये ती कुलपं जोडायची
हे मला माहीत होतं, जसा तिचा रक्तगट माहीत होता:
फॉर्मात भरण्यापुरता.
एकोणीस वर्षं. सोळा नंबरचा रस्ता.
एका बाजूला मॅथिल्डा, दुसऱ्या बाजूला हेमलता उबाळे,
समोर चिमटा आणि डाळीएवढ्या स्प्रिंगांचा ट्रे.
शिंक आली तर मान मागे वळवायची,
नाहीतर दिवसाचा हिशोब जमिनीवर.
आता तिथे काचेची इमारत आहे.
दारं कार्ड दाखवल्यावर उघडतात.

"चाक कशाला टेकलंय बघ."
उतरून पाहिलं. डावं चाक
फुटपाथच्या दगडाला रेटून उभं.
"म्हणजे सगळा रेटा आतल्या खिळीवर.
ती बिचारी दबलीय, सुटणार कशी?
आणि तू भांडतेस किल्लीशी.
डावीकडे हलतं का?"
"मुळीच नाही."
"उजवीकडे?"
"तसूभर."
"मग तिकडेच. फिरवू नकोस गं,
फिरवायचं नुसतं मनात आण.
हं. तिथेच धरून ठेव. आता किल्ली. सावकाश."

भोंगा आता आमच्या मागच्या गाडीचा नंबर वाचत होता.
आई कान पुढे करून बसलेली, डोळे मिटून,
शेजारी मी नाही, मॅथिल्डा असल्यासारखी.

टक्.

आवाज मला ऐकू आला
त्याच्या आधी तिच्या चेहऱ्यावर आला.

किल्ली फिरली, चाक सुटलं, इंजिन खोकलं आणि लागलं.
टोइंगवाल्या पोराकडे बघून मी हात हलवला,
जरा जास्तच.

तीन हात नाक्याच्या सिग्नलला विचारलं,
"मग आपल्या दाराला नेहमी
दुसऱ्याच कंपनीचं कुलूप का असायचं?"
"आपण जोडलेलं कसं उघडतं ते ठाऊक असतं," ती म्हणाली.
"झोप लागली नसती."

सिग्नल सुटायला अजून साठ आकडे होते.
तिनं काळी बोटं बघायला डोळ्यांजवळ नेली.
दिसेनात,
म्हणून वास घेतला.