केकसाठी चाकू

ऑक्टोबरचा पहिला शनिवार.
लॉरेल फोर्कचा आगीचा बंब
त्या एका दिवसापुरता बाहेर थंडीत उभा राहतो
आणि त्याच्या जागी सदतीस टेबलं लागतात.
मखमलीवर चाकू. घडीचे, खिशातले,
सांबरशिंगाच्या मुठीचे, हाडाच्या, शिंपल्याच्या,
कुणाच्या खापरपणजोबांनी खेचर विकून घेतलेले
(निदान विकणारा तसं सांगतो).

माझं काम केक आणायचं.
वाळवलेल्या सफरचंदांचा, आठ थरांचा,
दोन दिवस आधी करून मुरवलेला.
चाकूंतलं मला काही कळत नाही, असं म्हणवत नाही आता.
एकोणीस वर्षं कॉफी ओततेय, कानावर पडतंच:
पातं मिटताना टक्, एकदाच वाजायला हवं.
आवाज लोळला तर स्प्रिंग थकली.
मिटलेला हातात आला तर मिटूनच परत द्यायचा.
फुकट भेट द्यायचा नाही कधी,
समोरच्याकडून एक सेंट तरी घ्यायचा,
नाहीतर मैत्री कापली जाते.
आणि ज्याच्या डाव्या हातावर
बशीएवढी जागा केसांवाचून आहे,
तो धार बघणारा.
इथे सगळेच.

पहिल्या वर्षी मी सुरी घरी विसरले.
"केक कापायला काही आहे का कुणाकडे?"

तीन हजार चाकूंच्या त्या हॉलमध्ये
कुणी छताकडे पाहिलं, कुणी बुटांकडे.
आर्विल कोम्सने तर दोन्ही हात आपल्या मखमलीवर धरले,
घार दिसल्यावर कोंबडी पिल्लांवर पंख धरते तसे.
सोन्याची सुरी उरात खुपसून घेत नाहीत, हे ऐकलं होतं.
तिने केकही कापत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

मग व्हर्लिन स्टॅम्पर उठला.
टेबलावरचा नाही, पँटच्या खिशातला काढला:
पिवळ्या मुठीचा,
दगडावर घासून घासून पातं
उंदराच्या शेपटीएवढं उरलेला.
सकाळी त्यानेच तंबाखू कापली असणार,
त्याच्याआधी काय, देव जाणे.
मांडीवर पुसला. कापलं. सगळ्यांनी खाल्लं.

पुढच्या वर्षापासून सुरी मी मुद्दाम विसरत गेले.

यंदा व्हर्लिनच्या टेबलामागे त्याची नात, केंड्रा.
फिनिक्सहून आलेली. किमतीच्या चिठ्ठ्या
फूटपट्टीने लावल्यासारख्या सरळ.
पिवळा कुठे दिसेना. विचारलं.

"तो माझ्याकडेच होता," ती म्हणाली.
"मार्चमध्ये पुरून आलो, त्या दिवशी मी तो खिशात घातला
आणि विसरले. विमानतळावर काढून घेतला.
माझ्यासमोर डब्यात टाकला,
कुणाच्या तरी कात्रीवर."
थोडं थांबून: "फार किमतीचा होता का हो?"

आसपासच्या चार माणसांनी एकदम माना हलवल्या.
हो म्हणून की नाही म्हणून,
मला सांगता येणार नाही.

केक मांडून मी उभी राहिले.
या वेळी विचारणार नव्हतेच,
पिशवीत सुरी होती.
पण आर्विल कोम्स आला.
त्याने आधी उजवा पांढरा हातमोजा काढला, मग डावा,
घडी करून वरच्या खिशात ठेवले,
आणि शंभर वर्षांत ज्याने काही म्हणजे काही कापलं नव्हतं
ते पातं उघडलं.

कापलं वेडंवाकडंच. सवय कुठे होती
त्याला, की चाकूला.
चुरा बिजागरीत गेला. मागून कुणीतरी कण्हलं,
"गेले चारशे डॉलर."
"साडेचारशे," आर्विल मागे न बघता म्हणाला,
आणि पहिला तुकडा पोरीपुढे धरला,
पात्यावरच.
तिने तो बोटांनी उचलला.

आंबट रसाने पोलाद निळसर पडायला लागलं होतं.
त्याला दिसत होतं. पुसलं नाही.

मी पिशवी पायाने
टेबलाखाली सरकवली.