मिठाला जागणं

एलिसेओ, तुझ्या बुटांना लागून घरात येतं ते.
दारात पाय आपटतोस, पांढरा भुगा पडतो,
आणि मी झाडू घेऊन हसत बसते:
भाऊ ज्याची तळी वाळवतो
तेच बहीण रोज रात्री गिळते,
तीनशेच्या तीन गोळ्या, दोन पेले पाणी.

पाकिटावर दुसऱ्याच देशाचं नाव आहे.
आमचंच असेल, नसेलही.
असलंच तर केवढा वळसा घालून
सावत्र होऊन आलंय घरी.

कालामाच्या डॉक्टरीणबाई,
कपाळावर चष्मा ठेवून टेबलभर चष्मा शोधणाऱ्या,
म्हणाल्या, हे नेमकं कसं चालतं
ते पुरतं कुणालाच उमगलेलं नाही, एर्मिनिया.
शरीराला ते साधं मीठच वाटतं.
मिठाचं नाव सांगून ते पेशीच्या दारातून आत शिरतं
आणि आतल्या कल्लोळात एकेकाच्या
खांद्यावर हात ठेवत जातं:
बस. जरा बस.
मी विचारलं, मग बाहेर कधी पडतं?
त्या म्हणाल्या, मूत्रपिंडांना विचारा,
त्यांचंच काम वाढलंय.

तहानेचं तुला काय सांगू,
तोकोनाओत वाढलेल्याला!
पण ही तहान वाऱ्याची नाही, उन्हाची नाही.
रात्री चारदा उठते, चारदा पिते, पाचदा जाते.
कमी प्यायले तर रक्त घट्ट होत जातं
तुमच्या तळ्यांसारखं,
पाणी उडतं, उरतं ते जहाल.
तुला कळेल. तुझा पगारच त्याचा आहे.

दर तीन महिन्यांनी पहाटेची बस,
शंभर किलोमीटर, पर्समध्ये न घेतलेली सकाळ,
कारण शेवटच्या गोळीला बारा तास व्हायला हवेत.
शून्य पूर्णांक सात, प्रुदेन्सिओ कागद वाचतो,
जणू फुटबॉलचा निकाल.
थोडं खाली गेलं तर मी सुटले,
थोडं वर गेलं तर विष.
एवढ्याशा दशांशावर माझी अक्कल उभी.

आईचे निवडुंगाचे काटे आहेत ना विणायचे,
ते आता माझ्या बोटांत एकमेकांवर वाजतात.
टाका सुटतो. फिरायला आलेल्या बाया विचारतात,
ही नक्षी कुठली?
मी सांगते, आमच्या घराण्याची.

ऑगस्टचं मात्र आज बोलते.
धरणीमायला जेवू घालायचा दिवस, अंगणात खड्डा,
सगळ्यांनी कोकाची पानं वाहिली, दारू वाहिली,
मी मुठीतून गोळ्या सोडल्या.
तुझं मीठ तुला, माये.

त्यानंतरच्या अकरा रात्री!
खोटं नाही बोलणार, कसल्या रात्री होत्या.
लिकान्काबूर डोंगर स्वयंपाकघरात येऊन बसला,
बर्फाची टोपी काढून बोलू लागला.
हात दगडासारखे स्थिर.
चाळीस मोजे विणले.
एकालाही टाच नव्हती.
तीन लामा वाटून टाकले, त्यातला एक तुझा.
आणि बाराव्या सकाळी अनवाणी
सालारच्या पांढऱ्या कवचावर,
जिथं जमीन करवतीसारखी असते.

जखमेवर मीठ म्हणतात ते मी चालून आलेय.

तू ट्रक थांबवलास. काही बोलला नाहीस.
प्यायच्या बाटलीतलं सगळं पाणी
माझ्या पायांवर ओतलंस,
मग परत कारखान्यापर्यंत तहानलेला गेलास.

लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
हे एकच मीठ असं
की त्याला जागायचं तर झोपावं लागतं.
झोपते. उठते तेव्हा जिभेवर नाण्याची चव,
कमरेवर नऊ किलो कुणाचे तरी,
दिवस अळणी. डोंगर डोंगराच्या जागी,
आणि मला त्याची आठवण येते. हे डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस.

हा घे, डावा मोजा झाला.
उजव्यात एक टाका निसटलाय, उसवून पुन्हा घालते.
जाताना ती बाटली भरून ठेव.
नको, दोन्ही भर.