शाळा सोडल्याचा दाखला

हेडाऊ लोकेश. आठवी ब.
जन्मतारीख अक्षरी, दोनदा तपासून.
वर्तणूक: चांगली. खिडकीच्या काचेचं मी लिहिलं नाही.

वर्धा रोडच्या शाळेचे दोघं आले होते, गळ्यात शिट्ट्या.
पोट्ट्याला खिचडीच्या तांदळाच्या काट्यावर उभं केलं,
खांदे मापले, पंजा उघडून पाहिला,
बापाचीही उंची विचारली.
पाढा कोणी विचारला नाही.

फी माफ, होस्टेल, बूट, रोज चार अंडी.
खाली बारीक अक्षरात
गुडघा गेला तर काय, ते.
मी चष्मा पुसून बापाला वाचून दाखवलं.
तो अंड्यांपाशीच थांबलेला.

"साहेब, हे रग्बी काय रायते?"
पोट्टा म्हणाला, "बॉल घेऊन पुढं पळाचं.
पण पास मांगंच द्याचा. पुढं देता येत नाही."
"अन् मांगं कोनी नसलं तं?"
तो नखानं टेबलाचा रंग खरवडत राहिला.

शाळा सोडण्याचे कारण:
पालकांच्या विनंतीवरून.
गोळीबार चौकातल्या निम्म्या दाखल्यांवर हेच आहे,
हात आपोआप लिहितो.

शिक्का उठेना.
कूलरच्या पाण्याचे दोन थेंब पॅडवर टाकले.
गोल जरा फिकाच आला.