सुट्या भागांच्या काउंटरवरून

सव्वीस वर्षं मी या काउंटरमागे उभा आहे.
केंटकीच्या या खोऱ्यात कुणाच्या यंत्राचा
कुठला पट्टा कधी तुटला,
हे मला त्यांच्या मुलांच्या नावांपेक्षा नीट आठवतं.

डेल्फिया स्टॅम्पर मार्चमध्ये आली.
बुटांना चिखल, हातात रुमालाची पुरचुंडी.
मला वाटलं, अंडी असतील.
गाठ सोडली तर आत ऑइल सील,
कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.
"याचा जोडीदार हवाय."

ट्रॅक्टर जपानचा.
तिकडच्या कुठल्याशा भातखाचरात वीस वर्षं राबून,
अंगावर लाल रंगाचा ताजा हात फिरवून घेऊन
कंटेनरमधून आलेला.
आमच्या शोरूममधल्या नव्याच्या एक तृतीयांश किमतीत
तिने तो लिलावात घेतला, रोख मोजून,
आणि आमच्या दारावरून नेताना मला हात केला.
मी केला नव्हता.

बॉनेटवरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत.
मलाही नाही.
कासव म्हणजे हळू, ससा म्हणजे भरभर,
एवढं चित्रातलं दोघांना कळतं.
बाकीच्या दांड्यांवर तिने नेलपॉलिशने लिहिलंय:
वर. खाली. हात लावू नको.

मी सूचीपुस्तक उघडलं.
तिचा नंबर त्यात नव्हता, शेजारचा होता.
पण शेजारच्यावर भागत नाही.
दोन मिलिमीटरची चूक माणसात खपते, तेलात नाही.
ओसाकाला विचारलं. उत्तर आलं:
सील अठरा डॉलर, नऊ आठवडे.

कोंबडी स्वस्त होती;
मसाला जहाजातून यायचा होता.

आता हे नऊ आठवडे कुठल्या रकान्यात मांडायचे?
ऑर्विन कॉम्ब्जचा ट्रॅक्टर तीन दिवस मागून आणायचा,
बदल्यात त्याच्या कुंपणाचे चाळीस खांब पुरायचे,
आणि वर त्याचं ऐकायचं,
"मी तुला तेव्हाच म्हणालो होतो."
यातलं शेवटचं सगळ्यांत महाग.
त्याची पावती मिळत नाही.

मी पेन काढलं. भाषण तयारच होतं माझं:
दहा वर्षांचा हिशेब, फिल्टर, क्लच,
विकायला काढलास तर कोण घेईल,
वगैरे.
तिने खिशातून वही काढली.
बियाण्यांच्या कंपनीची फुकट मिळालेली,
सहा वर्षांची, बारीक अक्षरांत भरलेली.
"तुझा नवा," ती म्हणाली, "ऑर्विनच्या शेतात
मध्येच बंद पडला, आठवतं?
काही मोडलं नव्हतं. एक दिवा लागला होता.
तुमचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला,
दिवा विझवला, एकशे चाळीस डॉलर घेतले.
माझा निदान जिथे दुखतं तिथेच गळतो."

यावर मला काही सुचलं नाही.
वही चाळताना मात्र एक गोष्ट दिसली नाही,
म्हणून विचारलं,
"डोक्यावरचा रोलबार?"
तिकडच्या सपाट खाचरांत कुणी बसवत नसेल.
इथे तिचं गवत
घराच्या छपरासारख्या उतारावर आहे.
तिने वही मिटली.
"किती?"
मी आकडा सांगितला. वेल्डिंग धरून.
ती "हं" म्हणाली,
आणि बराच वेळ
भिंतीवरच्या पंख्याच्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "सील एक नको. तीन मागव."

ती मे महिन्यात आली, पातळ पाकिटात.
रोलबारचं तिने अजून काही कळवलेलं नाही.
मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा उचलला,
म्हणाली, गवत कापतेय, नंतर बोलू.

तो नंबर मी मास्किंग टेपवर लिहून
काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.
तेव्हापासून चौघं जण तसलंच काही
रुमालात, खोक्यात, एकदा तर मोज्यात घेऊन आले.
मालकाला मी अजून सांगितलेलं नाही.